अपेक्षित उत्तर

मी सहावी ब मध्ये नोकरीला लागलो. लागलो तेव्हा ऐन पंचविशीत होतो, आता साठीला टेकलोय. इतकी वर्षं वर्ग तोच, बाकही तोच, खिडकीकडून दुसरा. हुद्दा सराव-विद्यार्थी, गट ड, कायम.

गावाचं नाव सांगत नाही, ते सेवाशर्तीत बसत नाही. जिल्ह्याचं गाव आहे एवढं पुरे. इथं इंग्रजी शिकवायला शिकवणारी एक सरकारी संस्था आहे. बी.ए., एम.ए. झालेली माणसं वर्षभरासाठी येतात, ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशांना ते कसं शिकवावं याची पदविका घेतात आणि आपापल्या गावी जातात. आता शिकवायला शिकायचं म्हणजे कुणावर तरी हात बसायला हवा. नव्या न्हाव्याला म्हणे आधी फुगा देतात. इंग्रजीला फुगा चालत नाही, माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आम्ही.

पूर्वी शेजारच्या शाळेतली खरीखुरी पोरं आणायचे. पण पोरांचं एक वाईट असतं, ती मोठी होतात. जूनमध्ये बघावं तर गेल्या वर्षीची सहावी उठून सातवीत गेलेली. पाठांची टाचणं, म्हणजे पाठ कसा घ्यायचा ते लिहिलेले कागद, सगळी सहावीची. मग नवी पोरं शोधा, त्यांच्या पालकांना समजवा, चहा पाजा. कंटाळून शासनानं कायम सहावीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पदं मंजूर केली. भरतीला इंग्रजीची परीक्षा होती आणि नापास झालेल्यांतून गुणवत्ता यादी लागली. मी यादीत वर होतो. आईनं पेढे वाटले.

प्रत्येक टाचणाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, विद्यार्थ्यांचे सरासरी वय अकरा वर्षे. त्यामुळे आमच्या सेवापुस्तकातही वय अकराच. ते तसंच राहतं, राहायलाच हवं, नाहीतर टाचण खोटं ठरेल. मध्यंतरी मी निवृत्तीचा अर्ज केला होता. उत्तर आलं, अर्जदाराचे वय अकरा असल्याने विचार करता येत नाही. खाली आणखी एक ओळ होती, अर्जावर पालकांची सही नाही. मग मी अजितकडून, म्हणजे माझ्या मुलाकडून, सही घेतली आणि पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त खालची ओळ नव्हती.

अजितचं मला फार काही सांगायचं नाही, पण एक गोष्ट सांगतो. तो अकरा वर्षांचा झाला त्या वर्षी आम्ही दोघं एका वयाचे होतो. सकाळी बरोबर दप्तर भरायचो. त्याला गंमत वाटायची, मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू. मग जून आला आणि तो सातवीत गेला. मी दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होतो. आपला मुलगा आपल्यापेक्षा मोठा होतो तेव्हा कसं वाटतं ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा जपून बोलायला लागला, आपण लहान भावाशी बोलतो तसं.

गेल्या वर्षी त्याची मुलगी मुक्ता पाचवीत गेली.

हे सगळं तिच्यासाठी लिहितोय असं समजा. पाचवीत गेल्यापासून तिनं धोशा लावला होता, आबा, पुढच्या जूनमध्ये आपण दोघं सहावीत. आजीकडे हट्ट करून दोन सारख्या पाण्याच्या बाटल्या आणवल्या, एक तिची, एक माझी. बाटलीवर ससा होता. ती आनंदानं सांगत होती आणि मी त्याच्या पुढचा जून मोजत होतो. कारण जूननंतर पुन्हा जून येतो. मुलगा पुढे गेला ते मी सोसलं. नातही पुढे जाणार आणि मी तिथंच बाकावर, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. तिनं सहावीत पाय ठेवायच्या आत मला तिथून निघायचं होतं. बाकी आयुष्यात मला काही नको होतं.

सहावीतून निघायचे रस्ते दोन. एक सोनटक्केबाईंचा. त्या माझ्या शेजारच्या बाकावर होत्या, मागच्या श्रावणात वारल्या. ऑफिसनं घरच्यांना शाळा सोडल्याचा दाखला दिला. वर्तणूक चांगली, प्रगती बेताची. आम्ही सगळे गणवेशात पोचवायला गेलो होतो.

दुसरा रस्ता एप्रिलच्या चाचणीचा. बाहेरून परीक्षक येतात आणि आम्ही अजून सरावाच्या कामाचे आहोत ना, म्हणजे आम्हाला अजून इंग्रजी येत नाही ना, एवढं बघून जातात. शिक्षकानं शिकवल्यामुळे विद्यार्थी शिकला असं आढळलं तर तो उत्तीर्ण, सहावीतून मोकळा. पण स्वतःचा स्वतः शिकला तर ते गैरवर्तन. लगेच बडतर्फी, हात हलवत घरी. आणि ज्यानं शिकवलं त्याचं काय? त्यानं सरावाचं साधन बिघडवलं असं धरतात. त्याची पदविका रोखतात, वर्ष पुन्हा करायला लावतात. त्यामुळे कुणी कुणाला शिकवत नाही. नोकरीला लागल्यापासून एकही जण उत्तीर्ण झालेला मी पाहिलेला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, रोज इंग्रजीचे पाठ ऐकून ते कानावर पडत नाही का? पडतं की. पण काम कसं चालतं ते ऐका. प्रत्येक छात्राध्यापक टाचण लिहून आणतो. त्यात एका रकान्यात त्याचे प्रश्न आणि शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरं. आदल्या दिवशी टाचणाची एक प्रत आमच्याकडे येते. आम्ही अपेक्षित उत्तर द्यायचं, त्यांनी व्हेरी गुड म्हणायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मागच्या बाकांवर बाकीचे छात्राध्यापक निरीक्षणाचे कागद घेऊन बसलेले असतात, ते खुणा करतात. एकानं चुकायचंही असतं, कारण चूक सुधारण्याला गुण आहेत. चुकायची पाळी लावलेली आहे. माझी बुधवारी.

दर वर्षी पहिला पाठ आंब्याचा. आंबा प्लास्टिकचा आहे, रंग जाऊन जाऊन आता बटाट्यासारखा दिसतो. तो वर धरून विचारतात, व्हॉट इज धिस? आम्ही एका सुरात म्हणतो, धिस इज अ मँगो. मँगो म्हणजे आंबा हे आम्हाला कळतं हो. पण म्हणून आम्हाला इंग्रजी येतं असं नाही. आम्हाला टाचण येतं.

ऊर्मिला वाघमोडे गेल्या वर्षीच्या तुकडीत आल्या. मंगळवेढ्याकडच्या, तिशीच्या आतबाहेर, बोलायला मोकळ्या. एका आश्रमशाळेत काही वर्षं शिकवून आल्या होत्या. पदविका मिळाली की तिथंच कायम होणार होत्या. अनुभवी माणूस आला की आमच्या वर्गात जरा धास्तीच असते. त्यांना शिकवायची सवय लागलेली असते.

आंब्याचा पाठ त्यांनाही चुकला नाही. वर्गात आल्या, आमच्याकडे बघून थोड्या थबकल्या, ते सगळेच थबकतात. मग टाचणाप्रमाणे म्हणाल्या, "श्रीपती, उभा राहा." वर्गात आम्हाला अरेतुरेच करतात, वय अकरा ना. मी बाकाला धरून उठायला लागलो. बाक अकरा वर्षांच्या मापाचा आहे, त्यातून साठीचे गुडघे बाहेर काढायला वेळ लागतो. ते बघून त्या बोलून गेल्या, "राहू द्या काका, बसूनच सांगा."

मागच्या बाकांवर सगळी पेनं एकदम चालू झाली.

मी आंब्याचं सांगितलं. व्हेरी गुड झालं, टाळ्या झाल्या. मी बसणार तेवढ्यात त्यांनी इंग्रजीतच आणखी काहीतरी विचारलं. टाचणात ते नव्हतं. आंबा आणि मी एवढंच मला त्यातून कळलं. पंखा तेवढा कुरकुरत होता. रशीद इनामदार उभा राहिला. तो आमचा वर्गप्रमुख आणि आमच्या संघटनेचा चिटणीसही.

"मॅडम, हा प्रश्न टाचणात नाही."

"माहीत आहे. मी त्यांना विचारलं, तुम्हाला आंबा आवडतो का?"

"पण मग उत्तर आम्ही कुठून द्यायचं?"

"मनानं द्या."

"मनानं द्यायचं आमच्या कामात येत नाही," रशीद शांतपणे म्हणाला. "तसं हवं असेल तर वरून मंजुरी आणावी लागेल."

बाई माझ्याकडेच बघत राहिल्या, खडू हातात धरून. घाई नाही, ओठ हलवून उत्तर सुचवणं नाही. त्या वाट बघत होत्या. एवढ्या वर्षांत माझ्या उत्तराची कुणी वाट बघितली नव्हती. मला कसंतरीच झालं आणि मी खाली बघितलं. घंटा झाली.

पाठ संपला की धारूरकर सर आमच्यादेखतच त्याची चर्चा करतात. ते अध्यापन पद्धतीचे प्राध्यापक. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वाघमोडे मॅडम, तुम्ही विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट का बघितलीत?"

"ते काय म्हणतात ते ऐकायचं होतं, सर."

"ते काय म्हणणार ते तुमच्या टाचणात असायला हवं. जे टाचणात नाही ते ऐकून तुम्ही करणार काय?"

सरांनी त्या पाठाला शेरा दिला, वर्गात शांतता निर्माण केली, पाठ पुन्हा घ्यावा.

मधल्या सुट्टीत मी सायकल स्टँडच्या कट्ट्यावर डबा खातो. तिथं बाई आल्या. सुट्टीची घंटा झाली की आम्ही आपापल्या वयाचे होतो, त्यामुळे त्या मला काकाच म्हणाल्या.

"काका, माझ्यामुळे तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं झालं. रागावलात का?"

"छे हो, रागवायचं काय त्यात. आंबा मला आवडतो. पायरी. पण ते तिथं कसं सांगणार?"

त्या हसल्या आणि कट्ट्यावर बसल्या. मग मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. अजितचं, मुक्ताचं, सशाच्या बाटल्यांचं. त्या ऐकत होत्या. शेवटी मी सरळ विचारून टाकलं, "मॅडम, मला शिकवाल का?"

"काका, माझी पदविका जाईल."

"माहीत आहे."

"मग कसं विचारता हो?"

"दुसऱ्या कुणाला विचारू? बाकीचे सगळे पाठ घेतात. शिकवायला तुम्हालाच येतं."

त्या उठून गेल्या. मला वाईट वाटलं. मागितलं तेही वाईट आणि त्या नुसत्या निघून गेल्या तेही. पुढचे काही दिवस मी कट्ट्याची दुसरी बाजू धरली.

एक दिवस त्या स्वतःचा डबा घेऊन आल्या, समोर बसल्या, आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी सवयीनं रशीद कुठे दिसतो का बघितलं. नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू. मग भाकरी तोडून खायला लागल्या आणि वाट बघू लागल्या. माझा डबा संपला, सुट्टी संपली. दुसऱ्या दिवशी तेच. मला राग आला. शिकवायचं तर सांगा ना की असं म्हणा, मी म्हणतो. पण त्या सांगेनात. लागला तर एखादा शब्द हातावर ठेवायच्या, बाकी वाट बघायच्या.

मग एकदा मी म्हणालो, "माय नीज पेनिंग, मॅडम."

बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. पण नोकरीला लागल्यापासून इंग्रजीत मी पहिल्यांदाच खरं बोललो होतो. तो आंबासुद्धा आंबा नव्हता. आता व्हेरी गुड येणार म्हणून मी टाळ्यांची वाट बघत बसलो. व्हेरी गुड आलं नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "विच वन?"

"बोथ," मी म्हणालो. आणि सांगायला लाज कसली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर हिवाळाभर आम्ही बोलत होतो. डब्यात काय आहे, भाजी कुणी केली, तिखट झालीय का. मुक्ता काय म्हणाली. वर्गात मी बुधवारी बिनचूक चुकायचो, कट्ट्यावर मनानं चुकायचो. त्यात पुष्कळ फरक आहे, ते मला तेव्हा कळलं. बाईही बोलायच्या. त्यांच्या आश्रमशाळेतल्या पोरींचं सांगायच्या. एक पोरगी म्हणे रोज फाटकापाशी येऊन बघून जाते, बाई आल्या का. संस्थाचालकांनी जूनपर्यंत जागा धरून ठेवली होती. जूनमध्ये पदविका हातात नसेल तर दुसरी बाई घेणार होते.

हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मला सगळं समजलं. तिथंच घोटाळा झाला. समजलं नसतं तर बरं झालं असतं. इंग्रजी समजायला लागलं आणि त्याबरोबर मी त्यांच्याकडे काय मागितलं होतं तेही समजलं.

मी घरी येऊन जेवलो नाही. कमल, माझी बायको, विचारत होती काय झालं, मी सांगितलं पोट जड आहे. आणि मी ठरवून टाकलं. चाचणीत नेहमीचंच बोलायचं. मुक्ता जाईल पुढे, जाऊ दे. अजित पुढे गेला तेव्हा मी मेलो नाही. बाईंची पोरगी फाटकापाशी उभी आहे, तिचं आधी. मी बाईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं तुम्ही ठरवा. मी काही सांगणार नाही." चेहरा मात्र उतरला होता त्यांचा. कशानं उतरला, तेव्हा मला कळलं नाही.

चाचणीच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. परीक्षक पुण्याहून आले होते, वयस्कर, सारखे खोकत होते. छात्राध्यापकांची तुकडी मागे बसलेली, धारूरकर सर बाजूच्या खुर्चीत. परीक्षक एकेका बाकापाशी जात आणि एकच प्रश्न विचारत, हाऊ आर यू? ज्याला विचारलं तो उभा राहून म्हणे, आय अॅम फाइन, थँक यू. कोणत्याही टाचणात या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर हेच आहे. त्या दिवशी चुकायची पाळी रशीदची होती, तो आय इज फाइन म्हणाला. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढे सरकले. सोनटक्केबाईंच्या जागी नवीन आलेली मुलगी, म्हणजे बेचाळीसची असेल, तीसुद्धा फाइन होती.

ते माझ्यापाशी आले. मी बाकाला धरून उठलो. सकाळी निघताना मुक्तानं सशाची बाटली माझ्या दप्तरात घातली होती, सवय व्हावी म्हणून. उजवा गुडघा करकर वाजला.

"हाऊ आर यू?" त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं डोळे पुसले, काचा पुसल्या. पुसताना ते माझ्याकडेच बघत होते. ते वाट बघताहेत असं मला वाटलं. आणि हिवाळाभर मला एकच सवय लागली होती, समोरचा माणूस वाट बघत असला की खरं सांगायचं.

"आय अॅम टायर्ड, सर," मी म्हणालो.

म्हणालो आणि माझ्या लक्षात आलं. पण शब्द काय परत तोंडात जातो? परीक्षकांनी चष्मा लावला.

"सिन्स व्हेन?"

"सिन्स लाँग, सर," मी म्हणालो. आता लपवून काय उपयोग होता.

धारूरकर सर उठले. परीक्षक आणि ते फळ्यापाशी जाऊन हलक्या आवाजात बोलायला लागले, पण वर्ग लहान आहे, सगळं ऐकू येतं. सरांनी आधी ही चूक धरता येईल का ते पाहिलं. पण चुकायची पाळी रशीदची होती, आणि एका दिवशी दोघांना चुकता येत नाही. मग उत्तर बरोबर आहे का ते बघायचं ठरलं. म्हणजे मी खरंच थकलोय का. शिपायाला बोलावून त्याच्यासमोर मला दोनदा बसवलं, दोनदा उठवलं. शिपाई म्हणाला, थकलेत. म्हणजे उत्तर बरोबर होतं आणि अपेक्षित नव्हतं. त्याला शिकणं असंच म्हणतात, परीक्षक म्हणाले, दुसरा शब्द नाही.

"घोलप," सर माझ्यापाशी आले, "तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर."

"नीट विचार कर बाळ. आपोआप आलं म्हणालास तर बडतर्फी आहे. सगळं जाईल तुझं."

"आपोआपच आलं, सर."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती.

"मी शिकवलं," वाघमोडे मॅडम म्हणाल्या.

सर त्यांच्याकडे वळले. "टाचण दाखवा."

"टाचण नव्हतं, सर."

"टाचणाशिवाय शिकवलंत? कसं?"

"वाट बघितली. दुसरं काही नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "काय करून बसलात हो," ते म्हणाले, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सांगायचा प्रयत्न केला की बाई खोटं बोलताहेत, पण घाईत ते मी इंग्रजीत सांगितलं, आणि मग कुणाचीच शंका उरली नाही.

बाहेर सायकल स्टँडवर मी बाईंना गाठलं. मला बोलता येईना, कुठल्याच भाषेत. त्याच म्हणाल्या, "काका, माझ्या हातून एक माणूस शिकला. ते मी नाही कसं म्हणू?" मी नेहमीचंच बोलणार म्हणालो त्या दिवशी त्यांचा चेहरा का उतरला होता ते मला तेव्हा कळलं.

आदेश मे महिन्यात आला. उत्तीर्ण. मी रशीदच्या हातात नारळ ठेवला, सगळ्यांचा निरोप घेतला, सोनटक्केबाईंच्या बाकाला हात लावला. ऑफिसात सही करायला गेलो तर कारकून म्हणाला, "जूनमध्ये वेळेवर या."

"कुठे?"

"सातवीत. सहावी पास झालं की माणूस कुठे जातो?"

आजवर कुणी पास झालं नव्हतं, त्यामुळे हे कुणी विचारलंही नव्हतं. संस्थेत सातवी नव्हती, म्हणून सातवी अ नव्यानं मंजूर झाली, पद एक. जागा म्हणून तक्ते ठेवायची खोली दिली. सेवापुस्तकात वय बारा केलं. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. एवढ्या वर्षांनी माझा वाढदिवस झाला होता.

कमल म्हणाली, "म्हणजे सुटला नाहीत."

"सुटलो नाही. सरकलो."

अजितनं माझ्या प्रगतिपुस्तकावर सही केली. रात्रीचं जेवण झाल्यावर खाली बसून माझे गुडघे चोळत राहिला, लहान असताना चोळायचा तसे. मुक्ता मात्र रडली. तिला दोन सारख्या बाटल्या एका वर्गात हव्या होत्या. मग डोळे पुसून तिनं हिशेब केला आणि समजूतदारपणे म्हणाली, "बरं. आबा, तुम्ही पुढे जा. सातवीतच थांबा हां, मी येते पुढच्या वर्षी."

मी हो म्हणालो. थांबायचं नाही हे तिला कसं सांगणार. पुढच्या जूनच्या आत मला आठवीत पोचायचं आहे, मग नववीत, मग दहावीत. ती चपळ आहे आणि माझे पाय हे असे.

जूनमध्ये आम्ही दोघं बरोबर निघालो. तिच्या शाळेच्या फाटकापाशी तिनं मला टाटा केला. मी पुढे संस्थेत आलो, तक्त्यांच्या खोलीत बसलो. बाक दोन बोटं उंच होता, तेवढा आराम वाटला. घंटा झाली आणि वाघमोडे मॅडम आत आल्या. वर्ष पुन्हा करणाऱ्यांना त्याच वर्गाला हात लावू देत नाहीत, म्हणून त्यांना सातवी दिली होती. आश्रमशाळेनं दुसरी बाई घेतली, हे मला त्यांनी सांगायच्या आधीच कळलं. त्या वाळल्या होत्या.

मागे निरीक्षणाला कुणी नव्हतं. नवी तुकडी अजून यायची होती. बाईंनी टेबलावर टाचण ठेवलं, आणि धारूरकर सरांनी आठवणीनं पाठवलेला प्लास्टिकचा आंबा ठेवला.

"हाऊ आर यू?" त्यांनी विचारलं आणि वाट बघितली.

मी सांगितलं, गुडघे तसेच आहेत, पण बाक बरा आहे. मग मी विचारलं, "अँड यू, मॅडम?"

टाचणात हा प्रश्न नव्हता. शेजारच्या रकान्यात त्यांचं उत्तरही नव्हतं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"फाइन," त्या म्हणाल्या.

मी पुढे सरकलो नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. हात बाकावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत वाट बघत बसलो.